ऑनलाइन शिकताय? मग असाइनमेंट, प्रोजेक्ट, परीक्षा स्वतःच्या जिवावर कशी करायची ते बघा

सकाळी सातपूर नाहीतर अंबडला शिफ्ट, संध्याकाळी घरी येऊन मोबाईलवर लेक्चर, रविवारी अभ्यासकेंद्रावर चक्कर, असं करत डिग्री घेणारं माणूस आपल्या नाशकात गल्लीगल्लीत सापडतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला, त्यामुळे घरी बसून शिकणं आपल्याला लॉकडाऊनमध्ये कळलं असं काही नाही. बदललं एवढंच की पुस्तक, वर्ग, स्वाध्याय, परीक्षा सगळं एका मोबाईलमध्ये आलं आणि त्याच मोबाईलमध्ये दुसऱ्याचं उत्तर उचलून स्वतःच्या नावावर टाकायची सोयपण आली.

मी नोकरी करत शिकलोय आणि आता सिडकोतल्या ओळखीच्या पोरापोरींचे प्रोजेक्ट वाचून देतो. त्यात एक गोष्ट सारखी दिसते, मुद्दाम चोरी करणारे थोडे असतात, बाकीच्यांनी वाचताना कुठून काय घेतलं ते लिहूनच ठेवलेलं नसतं आणि मग शेवटच्या रात्री कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं पीडीएफमधलं हे त्यांचं त्यांनाच कळत नाही. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या लिहून ठेवण्याबद्दल आहे.

आधी नियम वाचा, खरंच वाचा

कुणी वाचत नाही माहितीये. पण प्रत्येक कोर्सचा नियम वेगळा असतो, एका ठिकाणी मित्राशी चर्चा करून सोडवलेलं चालतं, दुसऱ्या ठिकाणी तेच गैरप्रकारात जातं. आता स्वयम या सरकारी वेबसाइटवरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स घ्या, इंजिनिअरिंगची पोरं ते हमखास करतात. तिथे असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन, १२ आठवड्यांचा कोर्स असेल तर १२ पैकी चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, आणि सर्टिफिकेटला असाइनमेंटमध्ये २५ पैकी निदान १० आणि परीक्षेत ७५ पैकी निदान ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मार्क लागतात. परीक्षा सेंटरवर जाऊन, समोर माणूस बसलेला असताना. म्हणजे टेलिग्रामवरून दर आठवड्याची उत्तरं उचलून २५ पैकी २५ मिळवले तरी ७५ चा पेपर तुमचा तुम्हालाच लिहायचाय, आणि सरावाच्या प्रश्नांना हातच लावलेला नसतो त्यामुळे तिथे पार बोंब होते.

दुसरा घोळ म्हणजे ते १० टक्के. "दहा टक्क्यांपर्यंत कॉपी चालते रे" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता हसू येतं. हे आलं यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतून. त्यात थिसिस आणि डिझर्टेशनला साम्याचे, म्हणजे तुमचा मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो त्याचे, चार टप्पे आहेत: १० टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य म्हणून शिक्षा नाही, १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष परत सबमिटच करता येत नाही आणि ६० च्या वर गेलं की रजिस्ट्रेशन रद्द. पण हे नियमच आहेत थिसिस, डिझर्टेशन, रिसर्च पेपर असल्या कामासाठी, साधी असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका त्यातून स्पष्ट वगळल्यात. तिथे तुमच्या कॉलेजचा नाहीतर विद्यापीठाचा स्वतःचा नियम लागतो, आणि एखादे सर शून्य टक्के म्हणाले तर शून्यच. शिवाय अवतरणात टाकून मूळ लेखकाचं नाव दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्याची कलमं, ठरलेली समीकरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण साम्य हे मोजणीतून बाहेर काढायचं असतं. म्हणून साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टवर ३२ टक्के दिसलं म्हणून लगेच छाती धडधडवून घेऊ नका, आधी रंगवलेलं काय आहे ते उघडून बघा. नुसती संदर्भसूचीच रंगलेली असते पुष्कळदा. आणि उलटंपण होतं बरं का, ४ टक्केच दाखवतंय पण ते ४ टक्के म्हणजे सलग उचललेलं एक आख्खं पान, तर ती चोरीच झाली.

नोट्स काढताना तीन रंग

आता मेन गोष्ट. कुठलाही विषय मिळाला की एक फाईल उघडा, गुगल डॉक्स बेस्ट कारण मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे चालतं आणि आपोआप सेव्ह होतं. त्यात तीन रंग ठरवा. मूळ लेखातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर लाल, अवतरणचिन्हात, आणि लगेच शेजारी लेखक, नाव, वर्ष, पान नंबर किंवा लिंक आणि बघितल्याची तारीख. लेख वाचून, बाजूला ठेवून, स्वतःच्या शब्दात लिहिलं तर निळा, पण स्रोत इथेपण टाकायचा. स्वतःच्या डोक्यातलं, स्वतः बघितलेलं, स्वतः मोजलेलं असेल तर काळा. बस एवढंच. हे वाचतानाच करायचं, नंतर करू म्हटलं की झालंच नाही समजा, किराणावाल्याची उधारीची वही तेव्हाच्या तेव्हा लिहिली तरच महिनाअखेरीला हिशोब जुळतो तसं आहे हे. शेवटी फाईल बघितली आणि सगळी लालभडक दिसली तर समजून जा की अजून तुमचं काही लिहून झालेलंच नाही.

समजा विषय घेतला गोदावरीचं प्रदूषण, नाशकात दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते याला संदर्भ लागत नाही, ते शाळेतल्या पोरालापण माहितीये. पण रामकुंडाजवळच्या पाण्यात ऑक्सिजनची मागणी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) इतकी इतकी आढळली असा आकडा टाकला की तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कुठल्या वर्षीच्या, कुठल्या अहवालातला हे द्यावंच लागतं. आणि तुम्ही स्वतः घाटावर जाऊन सकाळी निर्माल्य किती पडतं ते लिहून आणलं तर तारीख, वेळ, जागा टाकायची कारण तिथे स्रोत तुम्हीच. हे तिसरं कुणी करत नाही खरंतर, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सगळ्यात जास्त भाव त्यालाच मिळतो.

शब्द बदलणं म्हणजे स्वतःच्या शब्दात लिहिणं नाही. लेखात असेल "शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढल्याने सांडपाणी प्रक्रियेवर मोठा ताण आला" आणि तुम्ही केलं "नगराची लोकसंख्या वेगाने वाढल्यामुळे मैलापाणी प्रक्रियेवर प्रचंड ताण पडला", तर ती कॉपीच आहे, वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा आहे. बरोबर पद्धत अशी की लेख बंद करायचा, घरातल्या कुणालातरी तोंडी सांगायचं की त्यात काय म्हटलंय, आणि जे बोललात ते लिहायचं. बोलता आलं नाही म्हणजे कळलं नाही, परत वाचा. मग आपोआप असं काहीतरी येतं: "माणसं वाढली तेवढी प्रक्रिया केंद्रांची ताकद वाढली नाही, असं अमुक लेखकाचं म्हणणं आहे."

भाषांतर केलं म्हणून ते तुमचं होत नाही

मराठी माध्यमवाल्यांनी हे जरा नीट वाचा. इंग्रजी लेख घेतला, गुगल ट्रान्सलेटमध्ये टाकला, मराठी आलं, दोनचार शब्द सरळ केले आणि सबमिट. सॉफ्टवेअर पकडत नाही म्हणून लोक खुश. पण विचार दुसऱ्याचा, मांडणी दुसऱ्याची, उदाहरणंपण दुसऱ्याची, तुमचं त्यात काय? भाषांतर करायला काहीच हरकत नाही, उलट मराठीत मजकूर आणणं चांगलंच काम आहे, फक्त तिथे स्वच्छ लिहायचं, "अमुक यांच्या अमुक वर्षीच्या इंग्रजी लेखातील परिच्छेद, भाषांतर माझे", आणि मशीनने केलं असेल तर "गुगल ट्रान्सलेटच्या मदतीने". आणि मास्तरांना कळत नाही हा गैरसमज काढून टाका, मशीनच्या मराठीला एक वास असतो, नाशिकच्या प्रोजेक्टमध्ये "हिवाळी पीक आच्छादन" असलं काहीतरी आलं की वाचणारा लगेच थांबतो, कारण आपल्याकडे शेतकरी तसं बोलतच नाही.

तसंच टायपिंगचं. बरेच जण हाताने लिहून टायपिंगवाल्याकडे देतात, त्याच्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन येतं. युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाईलवर दिसतं त्या मराठीत, करून मागा. जुन्या फॉन्टचा मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला नीट वाचताच येत नाही, आणि कुणी मुद्दाम असं केलं असा संशय उगाच तुमच्यावर. अजून एक, टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर मागच्या वर्षीचे शंभर प्रोजेक्ट पडलेले असतात, पानं कमी पडली की तो प्रेमाने भर घालून देतो. ऋणनिर्देशाच्या पानावर भलत्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार मानलेला प्रोजेक्ट मी या डोळ्यांनी बघितलाय. प्रिंट काढायच्या आधी प्रत्येक पान वाचा.

स्रोत कसा लिहायचा

यात फार डोकं लावू नका, कॉलेजने पद्धत दिली असेल तर ती, नसेल तर एकच पद्धत धरून शेवटपर्यंत चालवा. पुस्तकाला लेखक, वर्ष, नाव, प्रकाशक, पान. सावानातून, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातून, पुस्तक घेतलं तर परत करायच्या आधी पहिल्या दोन पानांचा फोटो काढून ठेवा, नंतर प्रकाशकाचं नाव आठवत बसावं लागत नाही. यूट्यूब लेक्चरला बोलणाऱ्याचं नाव, व्हिडिओचं नाव, चॅनल, तारीख, आणि कितव्या मिनिटाला. पेपरमधल्या बातमीला पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख. विकिपीडियावर वाचायला काही हरकत नाही पण तिथे थांबू नका, लेखाच्या खाली जे संदर्भ दिलेले असतात ते उघडा आणि खरोखर वाचले तर ते द्या. न वाचलेलं पुस्तक संदर्भसूचीत घालणं हापण खोटेपणाच आहे, आणि व्हायवाला "हे पुस्तक काय म्हणतं हो?" एवढाच एक प्रश्न पुरतो. थिसिस बघायचे असतील तर शोधगंगा ही वेबसाइट फुकट आहे, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे पुष्कळ मराठी थिसिस तिथे पूर्ण वाचायला मिळतात. वाचायला म्हणतोय, उचलायला नाही.

दिंडोरीच्या द्राक्षवाल्या काकांशी फोनवर बोलून माहिती घेतली, तर ती मुलाखत. त्यांना आधी सांगा की हे कॉलेजच्या कामासाठी आहे, नाव टाकू का विचारा, नको म्हणाले तर "एक द्राक्ष उत्पादक, दिंडोरी तालुका" एवढंच आणि तारीख. गुगल फॉर्मने सर्व्हे केला तर उत्तर देणाऱ्यांचे मोबाईल नंबर परिशिष्टात छापू नका, लोक छापतात! आणि फॉर्म ३० जणांनी भरला तर ३०च लिहा, १०० दिसायला बरं दिसतं म्हणून ७० स्वतःच भरायचे हा प्रकार तर कॉपीपेक्षा वाईट, कारण कॉपीत निदान कुणाचीतरी खरी माहिती असते.

एआयचं काय करायचं

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. माझं मत सांगतो, वापरूच नका म्हणणं आता फालतू आहे, पण कशासाठी वापरताय ते स्वतःला विचारा. न कळलेली संकल्पना सोप्या भाषेत समजावून घ्यायला, मुद्दे सुटले का ते बघायला, सरावाचे प्रश्न काढून घ्यायला, शुद्धलेखन तपासायला, चालेल, अर्थात कोर्सच्या नियमात बसत असेल तर. उत्तर लिहून घ्यायला नाही. असाइनमेंट देतात ती तुम्हाला विचार करता यावा म्हणून, सरांना कागद कमी पडलेत म्हणून नाही. नियमात एआयबद्दल काहीच लिहिलं नसेल तर "मग चालतं" असा अर्थ काढू नका, सरांना किंवा समंत्रकांना (अभ्यासकेंद्रावर शिकवतात ते) एक मेसेज टाका. असा: "सर, स्वाध्याय २ साठी मुद्दे समजून घ्यायला चॅटजीपीटी वापरलं तर चालेल का? उत्तर मी स्वतः लिहिणार आहे." उत्तर आलं की स्क्रीनशॉट ठेवून द्या.

वापरलं तर शेवटी दोन ओळी टाका, कुठलं टूल, कधी, कशासाठी, आणि तुम्ही काय बदललं. पूर्ण चॅटची लिंक किंवा कॉपी फाईलमध्ये ठेवा.

सगळ्यात मोठा धोका संदर्भांचा आहे. एआयला "पाच संदर्भ दे" म्हटलं की तो देतो, लेखक, वर्ष, पान नंबर सगळं, आणि त्यातले काही जगात अस्तित्वातच नसतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले, जजने शोधले तर सापडेनात, ५००० डॉलर दंड बसला. मराठी विषयांना तर हे जास्तच होतं कारण नेटवर मराठी मजकूरच कमी, मग तो सरळ ठोकून देतो. त्यामुळे एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय घालायचाच नाही, सापडला नाही तर उडवा.

आणि एआय पकडणाऱ्या टूलवर कुणीच, मास्तरांनीपण, डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ओपनएआयने स्वतःचंच असं टूल जानेवारी २०२३ ला आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केलं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजीवरपण अशी टूल खोटा शिक्का मारतात हे अभ्यासातून दिसलेलं आहे, म्हणजे आपलंच पोरगं इमानदारीत लिहून अडकू शकतं. यावर उपाय पुन्हा तोच, कच्चं काम जपून ठेवणं. गुगल डॉक्समध्ये व्हर्जन हिस्ट्री म्हणून असतं, कुठल्या दिवशी किती वाजता काय टाइप केलं ते सगळं दिसतं. दुसरीकडे लिहून एका झटक्यात पेस्ट केलं तर ते काही दिसत नाही, म्हणून सुरुवातीपासून तिथेच लिहा.

ग्रुप, मित्र आणि ते "फक्त बघायला दे ना"

व्हॉट्सअॅप ग्रुपवर तारखा, लिंक, नोट्स, "हा प्रश्न कळला नाही" हे सगळं बिनधास्त. चालू असलेल्या क्विझची उत्तरं, सबमिशनच्या आधी पूर्ण फाईल, हे नाही. फाईल देणारापण अडकतो हे लोकांना माहिती नसतं, दोन सारख्या असाइनमेंट आल्या की कुणी कुणाची उचलली हे बाहेरून कळत नाही, दोघांनाही बोलावतात. नाही म्हणायला अवघड जातं, एकाच बिल्डिंगमधला मित्र असतो, त्याची आई आपल्या आईची भिशीतली मैत्रीण. तेव्हा असं लिहा: "भो फाईल नको मागू, दोघांची सेम निघाली तर दोघं जाऊ. रात्री नऊला कॉल कर, प्रश्न कसा सोडवायचा ते सांगतो." याने मैत्रीपण राहते आणि खरंच मदत होते.

पैसे घेऊन असाइनमेंट करून देणारे, सोडवलेले स्वाध्याय विकणारे, यांच्यापासून लांब. नैतिकता सोडा, साधा व्यवहार बघा, त्याच्याकडे तुमचं नाव, नंबर, पेमेंटचा पुरावा, कधीकधी लॉगिनसुद्धा आहे, आणि तेच उत्तर त्याने किती जणांना विकलंय तुम्हाला ठाऊक नाही. उद्या त्याने अजून पैसे मागितले तर तक्रार कुणाकडे करणार?

लॉगिन आणि पासवर्ड कुणालाच नाही, सख्ख्या भावालासुद्धा. "दादा माझं लेक्चर चालू करून ठेव हजेरीला" इथून सुरू होतं आणि परीक्षेत दुसरा बसेपर्यंत जातं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा आयटी अॅक्टच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड.

टीचरचं रेकॉर्डेड लेक्चर उचलून टेलिग्रामवर टाकणं, क्लासमधल्या कुणाचा कॅमेरा चालू असताना स्क्रीनशॉट काढून मीम बनवणं, हेपण करायचं नाही. स्वतःच्या अभ्यासापुरती चार पानांची झेरॉक्स वेगळी, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी अभ्यासाला तशी सूट आहे, पण आख्खं पुस्तक स्कॅन करून पाचशे जणांच्या ग्रुपवर टाकणं त्यात बसत नाही.

घरून परीक्षा असेल तर

वन बीएचकेत पाच माणसं, त्यात कॅमेऱ्यावाली परीक्षा. आदल्या दिवशी सगळ्यांना वेळ सांगून ठेवा, दाराला कागद चिकटवा, टीव्ही बंद. मागून आजी चहा घ्यायचा का विचारत आली तर सॉफ्टवेअर नोंद करतं, ती नोंद म्हणजे लगेच शिक्षा असं नसतं, माणूस नंतर बघतो, घाबरून उठून जाऊ नका. दुसरा मोबाईल त्या खोलीतच ठेवू नका. ज्याच्या घरी अजिबात जमत नाही त्याने आधीच कॉलेजला विचारावं की सेंटरवर बसून देता येईल का.

लाईट गेली, नेट गेलं, तर तिथल्या तिथे घड्याळाची वेळ दिसेल असा स्क्रीनचा फोटो, हेल्पलाइनला लगेच मेल, आणि मेलमध्ये वेळ, कितवा प्रश्न चालू होता, परत कधी जोडलं गेलं. दोन दिवसांनी सांगितलेलं कुणी मानत नाही.

बोलावणं आलं तर

साम्य जास्त आलं किंवा सरांना शंका आली म्हणून भेटायला बोलावलं, तर पहिली गोष्ट, काहीही डिलीट करू नका, ना चॅट, ना जुन्या फाईल. रिपोर्टची कॉपी मागून घ्या, नुसता टक्का ऐकून उत्तर देऊ नका, कुठलं वाक्य कुठल्या स्रोताशी जुळतंय ते एकेक बघा. रंगवलेल्या नोट्सची फाईल, व्हर्जन हिस्ट्री, हाताने लिहिलेले कागद, मुलाखतीची तारीख, एआयबद्दल सरांना टाकलेला मेसेज, सगळं एका फोल्डरमध्ये घेऊन जा. खरंच कुठे संदर्भ द्यायचा राहिला असेल तर तो भाग स्वतःच दाखवा आणि सुधारून द्यायला मुदत मागा, मित्राचं उचललेलं असेल तर तेही सरळ सांगा, सारवासारव करत बसलात तर प्रकरण वाढतं. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेल टाका, काय ठरलं, कुठल्या तारखेपर्यंत काय द्यायचंय, म्हणजे तोंडी बोललेलं लेखी राहतं. निर्णय पटला नाही तर कॉलेजात परीक्षा विभागाकडे, मुक्त विद्यापीठाचे असाल तर आधी अभ्यासकेंद्रावर, लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.